हाडं म्हणजे टायर नव्हेत

"चाळिशी उलटली की पाखाड्या चढू नका, डोक्यावर भार घेऊ नका. हाडं म्हणजे गाडीचे टायर, वापराल तेवढी झिजणार. समुद्र जवळ आहे तर पोहा आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्या." गणपतीपासून हा मेसेज आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. खाली 'डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलंय. कुठले डॉक्टर, ते अर्थातच नाही. (पाखाडी म्हणजे आमच्या कोकणातली जांभ्याच्या पायऱ्यांची वाट.)

आधी टायरचं बघू. रबराला काही कळत नाही, हाडाला कळतं. मोठ्या माणसाच्या हाडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी ऑस्टिओसाइट असतात. त्या हाडाच्या आतच बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक नळ्यांतून एकमेकींना जोडलेल्या असतात. चुंबळीवर माशांची टोपली घेऊन कोळीण जांभ्याची एक पायरी चढते, तेव्हा पायाचं हाड अगदी किंचित दबतं. तेवढ्यानं नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना घासून जातो. पेशीच्या पटलावर पिएझो-१ नावाचं प्रथिन असतं. ताण पडला की ते उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं, हीच पेशीला भार पडल्याची खूण. शास्त्रज्ञ आर्डेम पाटापुटियान यांच्या प्रयोगशाळेला हे प्रथिन २०१० साली सापडलं. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पुढचं जास्त महत्त्वाचं. हाड बांधणाऱ्या पेशींना रोखणारं स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन ऑस्टिओसाइटच तयार करतात. भार पडला की ते कमी होतं, भार गेला की वाढतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्के विरळ होतं ते काही पाखाड्या चढून नव्हे, अंगावर भार न पडल्यानं. स्क्लेरोस्टिनला अडवणारं रोमोसोझुमॅब हे ठिसूळ हाडांवरचं औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूरही झालंय.

म्हणून दिवसभर ओझी वाहायची असंही नाही. १९८४ साली पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर प्रयोग झाला. रोज ३६ वेळा दाब दिला तर हाड वाढलं, १,८०० वेळा दिला तरी वाढ तेवढीच. आणि दाब सोड-धर असा हवा, नुसता दाबून ठेवलेला भार उपयोगाचा नाही. कळशी कमरेवर घेऊन विहिरीवर तासभर गप्पा मारल्या तर हाडाला त्याचं काही नाही.

गुडघ्यांबाबत मेसेज निम्मा खरा आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो, त्यातून द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. पूर्ण विश्रांतीत ती पातळ होते. मात्र चिरेखाणीत वर्षानुवर्षं उकिडवं बसून चिरे उचलणाऱ्याच्या गुडघ्यांना धोका असतोच, वाढलेल्या वजनानंही असतो. मेसेजवाल्यानं पाखाडी आणि चिरेखाण एकाच मापानं मोजली.

पोहणं हृदयाला उत्तम, दुखऱ्या गुडघ्यांनाही सोसतं. पण पाणी अंगाचा भार पेलतं, त्यामुळे हाडांवर ताण फारसा पडत नाही. जलतरणपटूंची हाडं धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांपेक्षा कमी घट्ट आढळतात.

कॅल्शियम हवंच, काट्यासकट मांदेली खाल्लीत तरी मिळतं. पण तो झाला माल. बांधकामाचा हुकूम भारच देतो.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये असायला हवी होती. हाडं आधीच ठिसूळ झालेल्या, मणका एकदा दबलेल्या माणसानं कमरेत वाकून भरलेली बादली उचलणं खरंच धोक्याचं आहे. त्यांनी काय उचलायचं, किती चढायचं, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं.