खुलासा : ‘मूल भारतात आणलं की विषय संपला’ हे खरं नाही

नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय : भारताने हेग करारावर (एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) सही केलेली नाही, म्हणून आई किंवा वडिलांनी असं परदेशातून आणलेलं मूल इथलं कोर्ट परत पाठवूच शकत नाही. पहिला भाग बरोबर. १९८० च्या त्या करारात भारत नाही. दुसरा मात्र साफ चूक. सर्वोच्च न्यायालयाने २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये मुलांना अमेरिकेत परत पाठवायला सांगितलं आहे. उलट २०१७ मध्ये ब्रिटनच्या कोर्टाचा आदेश असूनही मुलगी इथेच आईजवळ राहिली. (हा एकच निकाल फॉरवर्ड होतो, बाकीचे नाहीत!) कसोटी मुलाच्या हिताची, परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा. मूल परत मिळवण्यासाठी हेबियस कॉर्पसची (बेकायदा ताब्यात ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी करणारी) याचिका आपल्या नागपूर खंडपीठातही दाखल होऊ शकते.