जमिनीखालची केबल महागात पडते
कारखान्याचा आराखडा काढतानाच पुढच्या बदलांची सोय ठेवा, हे लेखातलं म्हणणं अगदी पटलं. चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. विजेची केबल, कॉम्प्रेसरच्या हवेची लाइन, सगळं जमिनीखालून. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू होणार म्हणून मशीन हलवायची ठरली, तेव्हा आठवडाभर नुसती फरशी फोडत होतो! मग वरून बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) टाकला, हवेची लाइन छताखालून फिरवली. आता मशीन कुठेही न्या, वरच्या टॅप-ऑफ बॉक्समधून, म्हणजे बसबारवरून वीज घ्यायच्या डब्यातून, जोडणी होते. हवेची गळतीही चटकन सापडते, कॉम्प्रेसरची वीज वाचते. पत्रा दाबून कापणाऱ्या, वाकवणाऱ्या पॉवर प्रेसला मात्र स्वतंत्र पाया लागतो, त्याची जागा आधीच पक्की करा. आणि सोलर नंतर बसवणार असाल तरी ट्रसच्या (छत पेलणाऱ्या सांगाड्याच्या) डिझाइनमध्ये ते वजन आत्ताच धरायला सांगा.