टॉप जोडला, टाके दुसऱ्या कुणाचे

तुकडे जोडून गोधडीचा वरचा थर, म्हणजे टॉप, करायला आवडतो, पण टॉप, भरण आणि अस्तर असे तीन थर एकत्र करून टाके घालायचा कंटाळा येतो, असं कुणी म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "मग गोधडी पुरी कधी होणार?" विचारणाऱ्याचा सूर असा, की तुकडे जोडणं ही नुसती हौस आणि टाके घालणं हेच खरं काम. मला हे मान्य नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. एकाला हिशोब आणि नजर लागते, दुसऱ्याला जागा, खांदे आणि धीर. पहिलं जमणाऱ्याने दुसरं केलंच पाहिजे, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आपल्या जुन्या गोधडीत हा भेदच नव्हता. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. जो टाका तुकडा धरतो तोच खालचे थर धरतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी ही गोधडीही अशीच कोपऱ्यात सुरू होते आणि मध्यावर संपते. त्या पद्धतीत 'टॉप' ही सुटी वस्तूच नाही, त्यामुळे टॉप अर्धवट पडून राहायचाही प्रश्न नाही. पण आज मशीनवर ब्लॉक, म्हणजे तुकड्यांचे सारख्या मापाचे चौकोन, जोडून आपण जे करतो ते अमेरिकी वळणाचं काम आहे, आणि तिकडे कामाची ही वाटणी जुनी आहे. अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मांडल्या गेल्या. तिथल्या बायका टॉप आपापल्या घरी, आपल्या मनाने जोडायच्या; टाके घालायला मात्र चारचौघी जमायच्या. आता तर टॉप लाँगआर्म मशीनवाल्यांकडे (मोठ्या गोधड्यांना टाके घालायचं लांब हाताचं मशीन) देऊन, पैसे मोजून टाके घालून घेणं तिकडे सर्रास चालतं. मग इथेच एवढी लाज कशाला?

जोडण्यात एवढं काय आहे म्हणाल, तर सगळं डोकं त्यातच लागतं. सिंगल बेडची, नऊ चौकोनांच्या ब्लॉकची साधी गोधडी घ्या. तयार चौकोन ३ इंचांचा हवा तर कापायचा साडेतीन, कारण चारी बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड. ब्लॉक तयार होतो ९ इंचांचा. आडवे ६ आणि उभे ९ धरले तर ५४ ब्लॉक, म्हणजे ४८६ चौकोन. भोवती ३ इंची किनार लावली की माप ६० बाय ८७. हे ४८६ चौकोन सुटे कापून जोडायला बसलात तर आठवड्यात कंटाळाल. पट्ट्या जोडा, मग कापा.

४४ इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून काठ गेला की हातात ४२ इंच उरतात. साडेतीन इंची पट्टीतून १२ चौकोन निघतात. गडद-फिकट-गडद असे ९ संच आणि फिकट-गडद-फिकट असे ५ संच लांबीत शिवून घ्या. मग ते आडवे साडेतीन-साडेतीन इंचांवर कापत गेलात की तीन-तीन चौकोन जोडलेलेच हातात येतात. एका ब्लॉकला पहिल्या संचातले दोन आणि दुसऱ्यातला एक. गडद पट्ट्या २३, फिकट १९. कापड आटणार आणि कापताना थोडं वाकडं जाणार हे धरून गडद सव्वादोन ते अडीच मीटर, फिकट दोन मीटर, किनारीला पाऊण मीटर पुरतं. ब्लॉक शेजारी-शेजारी आले की चार ब्लॉकांचे गडद कोपरे मिळून ६ इंची गडद चौकोन तयार होतो, जो एकट्या ब्लॉकमध्ये कुठेच नसतो. ज्यांना जोडायला आवडतं ते याच क्षणासाठी जोडतात.

आता मायेचं. शिंप्याच्या हिशोबात इंचाचे आठ सूत, म्हणजे माया दोन सूत. ती अर्ध्या सुताने जरी जास्त गेली, तरी दोन्ही बाजूंचे तुकडे मिळून प्रत्येक शिवणीत एक सूत खाल्लं जातं. १८ चौकोनांच्या ओळीत १७ शिवणी, म्हणजे टॉप दोन इंच एक सुताने अरुंद. बरं, सगळ्या ओळी सारख्याच अरुंद झाल्या तर ठीक. पण तशा होत नाहीत, आणि मग कोपरे जुळेनात म्हणून ओढाताण सुरू होते. मशीनच्या पायाच्या कडेवर विसंबू नका, घरगुती मशीनचा पाय प्रत्येक वेळी सुईपासून पाव इंचच असेल असं नाही. आलेखाच्या कागदावर सुई टेकवून अंतर मोजा आणि प्लेटवर जाड टेप चिकटवून ठेवा. परीक्षा सोपी आहे. दीड इंची तीन पट्ट्या जोडा, दाबा, मधली मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टेप सुईच्या दिशेने किंचित सरकवा, कारण दुमडीतही धागाभर कापड जातं.

शिवण इंचात १२ टाक्यांची ठेवा. जोडलेल्या पट्ट्या नंतर आडव्या कापायच्या असतात आणि त्या टोकांना गाठ नसते, त्यामुळे लांब टाका लगेच उसवतो. केंब्रिकसारख्या पातळ सुती कापडाला ११ नंबरची सुई पुरते. जाड सुईने भोकं पडतात आणि शिवण चुणते.

इस्त्री ठेवायची आणि उचलायची, फिरवायची नाही. ओली इस्त्री फिरवली की ४२ इंची पट्टी हमखास वाकते आणि त्यातून कापलेले चौकोन तिरके निघतात. माया गडद कापडाकडे दाबा. पहिल्या संचात गडद बाहेर आहे, दुसऱ्यात आत, त्यामुळे दोन्हींच्या शिवणी आपोआप उलट दिशेला जातात, जोडताना एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरा जवळजवळ टाचणीशिवाय जुळतो. माया उघडून दोन्हीकडे दाबणारेही आहेत. टॉप सपाट दिसतो, पण ही अडकण मिळत नाही.

त्रिकोणांना नवशिके घाबरतात ते उरेबमुळे, म्हणजे तिरक्या कापलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कडेमुळे. ३ इंची तयार चौकोन दोन त्रिकोणांचा हवा तर मूळ चौकोन ३ इंच ७ सुताचा कापून तिरका छेदायचा, असं गणित आहे. त्यापेक्षा ४ इंचांचे दोन चौकोन समोरासमोर ठेवा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा, मग कर्णावर कापा. एकदम दोन मिळतात, ते साडेतीन इंचांवर तासून घ्या. उरेब कड उघडी राहतच नाही, मग ताणली जाणार कशी?

कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केट आहे, हिंदमाता आहे, पण त्याआधी घरचं कपाट उघडा. ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा ढीग मुंबईतल्या कुठल्या घरात नाही? ८० सेंटिमीटरच्या ३६ इंची पन्ह्याच्या पिसातून धुतल्यावर साडेतीन इंची ८० चौकोन निघतात, म्हणजे सात पिसांत वरचे सगळे चौकोन बसतात. फक्त ते सुती आहे का बघा. दोन-चार धागे काढून वाटीत जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटाने भुरभुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र कापड सुतीबरोबर जोडू नका, सुतीला लागणारी गरम इस्त्री त्याला सोसत नाही. सगळं कापड आधी धुऊन घ्या. अर्धं धुतलेलं आणि अर्धं कोरं असं मिसळलं की पहिल्या धुण्यात टॉप आक्रसतो. लाल आणि नीळ यांच्यावर ओला पांढरा रुमाल घासा. रंग सुटत असेल तर मिठाच्या पाण्याने तो थांबेल या भरवशावर राहू नका, ते कापड बाजूला ठेवा.

रंग निवडताना जुळणाऱ्या छटा शोधण्यात लोक तासन् तास घालवतात. नमुना रंगांनी कमी आणि गडद-फिकटाने जास्त उठतो. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवं सारखंच करडं दिसलं तर नमुना मेलाच. कपाटाच्या दारावर जुनं फ्लॅनेल लावलं की तुकडे त्याला नुसते चिकटून राहतात. लहान घरात मांडून बघायची याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

इथवरचं सगळं काम जेवायच्या टेबलावर होतं आणि पाहुणे आले की डब्यात जातं. टाक्यांचं तसं नाही. ६० बाय ८७ म्हणजे ५ फूट बाय सव्वासात फूट. अस्तर चारी बाजूंनी ४ इंच मोठं लागतं, म्हणजे ६८ बाय ९५. दोन पन्हे जोडून ५ मीटर कापड. ते जमिनीवर ताणून चिकटवायचं, वर भरण, वर टॉप, आणि दर ४ इंचांवर सेफ्टी पिन. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा उचलल्याशिवाय हे होत नाही. मग मशीन. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साधारण साडेसहा-सात इंचांची फट असते आणि मधली ओळ शिवताना ३० इंच रुंदीची गुंडाळी त्यातून जायची असते. खालचे दात फक्त अस्तर ओढतात, वरचा थर पायाने पुढे ढकलला जातो, म्हणून चुण्या पडतात. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर ओढणारा पाय, लावला तर बराच फरक पडतो, वजन मात्र तेवढंच राहतं. पंख्याखाली, मे महिन्यात, मांडीवर ती गुंडाळी घेऊन बसायला आवडत नाही यात आळस कुठे आला?

शिवाय मुंबईत जाड गोधडी लागते कुणाला? पिंजलेला कापूस भरलात तर टाके जवळजवळ घालावे लागतात, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात, आणि पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही, कुबट वास धरते. इथे दोहरच बरी. टॉप, मध्ये एक मऊ जुनी सुती साडी, खाली मलमल. साडी आणि मलमल एकावर एक अंथरा. मलमलीवर टॉप सुलट बाजू आत करून ठेवा, भोवती शिवा, एका बाजूला १२ इंच उघडं सोडा, उलटवा, तोंड बंद करा आणि कडेने एक शिवण मारा. गोट लावायचीही गरज नाही. मधे दर ४-५ इंचांवर, चौकोनांच्या कोपऱ्यांत, जाड सुती दोऱ्याच्या दुहेरी गाठी मारल्या की थर सरकत नाहीत. एका दुपारचं काम. धावदोऱ्याची सर त्याला नाही हे खरं, पण कपाटात पडलेल्या टॉपपेक्षा अंगावरची दोहर बरी.

धावदोराच हवा असेल तर हातगोधडी शिवणाऱ्या बायकांकडे टॉप द्या, पण तो देण्याजोगा करून द्या. आपल्या जोडकामातली प्रत्येक चूक पुढे तिच्या हातात जाते. लहरी किनार हा सगळ्यात मोठा त्रास. टॉपच्या कडेला पट्टी लावून, उरलं ते कापून टाकलं की किनार लांब होते आणि टाके घालताना फुगते. टॉप मधोमध मोजा, त्या मापाची पट्टी कापा आणि कड त्यात बसवा. दोन्ही कर्ण मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक नको. मागून लोंबणारे गडद दोरे काढा, फिकट कापडाखाली ते कायमचे दिसत राहतात. बाहेरच्या कडेला एक सुतावर साधी शिवण मारून ठेवा, नाहीतर हाताळताना कडेच्या शिवणी सुटतात. चार थर जिथे एकत्र येतात तिथे माया तासून द्या, तिथेच तिची सुई अडते.

लगेच देणार नसाल तर टॉप प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, शक्यतो गुंडाळून ठेवा. घडी घातलीत तर दर दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या रेषेवर घाला. टाचणी किंवा सेफ्टी पिन आत राहता कामा नये, एका पावसाळ्यात गंजाचा डाग पडतो आणि तो जात नाही. खळ केलेलं कापड धुऊनच ठेवा, खळीला कसर लागते.

आणि मजुरी ठरवताना तुकड्यांच्या संख्येवर नाही, तर आकार आणि दोन ओळींतलं अंतर यांवर ठरवा; एक इंचावर धावदोरा आणि अर्ध्या इंचावर धावदोरा यांत दुप्पट काम आहे. तिला विचारून लेबलवर दोघींची नावं घाला, टॉप कुणी जोडला आणि टाके कुणाचे. लेबल अस्तराच्या कोपऱ्यात, टाके घालण्याआधीच शिवून द्या. मग तिचा दोरा त्यातूनही जातो आणि कितीही धुतलं तरी ते सुटत नाही.