डोंगरात पाणी जिरवलं की दरड थांबते?

‘दरडी कोसळतात त्या जंगलतोडीमुळे. डोंगरावर चर खणा, पाणी जिरवा, झाडं लावा. आणि पाऊस उघडला की धोका टळला,’ अशा आशयाचे मेसेज दर पावसाळ्यात फिरतात. हेतू चांगलाच असतो. पण वाडीच्या डोक्यावरच्या कड्याला हा सल्ला लावला, तर तो अंगाशी येईल.

आधी पाणी जिरवण्याचं. दरडीला बहुतेकदा कारण ठरतं ते आत मुरलेलं पाणीच. सह्याद्रीत काळ्या कातळावर माती आणि मुरमाचा थर असतो. ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, पाण्याने थबथबली की बसतो, मातीचंही तसंच. पाणी मुरत कातळापर्यंत पोचतं, तिथून खाली तितक्या वेगाने जात नाही आणि साचतं. कणांमधल्या या पाण्याचा दाब मातीला आतून उचलून धरतो, घर्षण कमी होतं. वर भिजलेल्या थराचं वजन वाढलेलंच असतं. मग आख्खा उतार सुटतो. मंद उतारावरच्या माळाला समतल चर उत्तमच, विहिरींना पाणी राहतं. पण तीव्र उतारावर, खाली घरं असताना, पाणी अडवायचं नसतं. उतार दिलेल्या गटारांतून बाजूच्या ओढ्याला काढून द्यायचं असतं.

झाडांबाबत मेसेज अर्धा खरा आहे. मुळं वरची माती बांधून ठेवतात, आणि तोडलेल्या झाडांची मुळं काही वर्षांत कुजली की ती पकड जाते. पण घसरणीचा थर मुळांच्या खाली असेल, तर झाडांसकट डोंगर खाली येतो. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली, तिच्यावरचा डोंगर काही बोडका नव्हता. शिवाय रस्त्यासाठी, घरासाठी उताराचा पायथा खोदला की वरच्या मातीचा टेकूच जातो. त्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही.

राहिला पाऊस उघडण्याचा मुद्दा, आणि सगळ्यांत घातक हाच. वरचं पाणी कातळापर्यंत झिरपायला वेळ लागतो. त्यामुळे ऊन पडल्यावरही दरड येऊ शकते.

उतारावर नव्या भेगा, कललेले खांब, दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा नको तिथे नवा झरा फुटणं, यातलं काही दिसलं तर पाऊस असो वा नसो, वाडी रिकामी करायची आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. सामान नंतर आणता येईल.