निवड झाल्याबद्दल

दिवाळीच्या तोंडावर माझी मुंबईतल्या एका बँकेत समर इंटर्नशिपसाठी निवड झाली. काम सुरू होणार एप्रिलमध्ये. तोवर आपण नेमके कोण, याची सोय लिंक्डइनवरच्या पोरांनी करून ठेवली आहे: नावाखाली 'इनकमिंग समर इंटर्न' असं लिहायचं आणि फिरायचं.

आमच्या पुण्याच्या कॉलेजात निकाल लागला त्या संध्याकाळीच सगळ्यांनी ते लिहून टाकलं. माझ्या रूममेटने तर ऑफर लेटर पूर्ण वाचायच्या आत पोस्ट सोडली. 'कळवताना अत्यंत आनंद होतोय'पासून सुरुवात, मग आईवडील, प्लेसमेंट कमिटी, शिवाय मॉक इंटरव्ह्यूत डीसीएफवरून (कंपनीची किंमत काढायची एक पद्धत) त्याला रडवणाऱ्या सीनियरचेही आभार. खाली अभिनंदनाचा पाऊस. त्यातले निम्मे शब्द तर लिंक्डइनच सुचवतं, माणसाने नुसतं बोट लावायचं.

"तू कधी टाकतोस?" हे मग रोज रात्री सुरू झालं. नोकरी देणाऱ्यांच्या नजरेत येतो म्हणे आपण. अरे, पण ऑफर घेतल्यावर कॉलेजच्याच नियमाने आपण बाकीच्या कंपन्यांतून बाद झालो. मग दाखवायचं कुणाला? शेजारच्या खोलीत ज्याची अजून निवड झालेली नाही आणि जो रात्री दोनला फोन चाळत पडलाय, त्याला. बरोबरचे इंटर्न ओळखीचे होतात, हे खरं. पण त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघालाच होता आणि त्यावर आत्तापासून गुड मॉर्निंगही येत होतं.

दिवाळीला गावी आलो. औसा-निलंगा रोडवर आमचा फाटा. शेतात कापलेल्या सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी, ताडपत्रीखाली, आणि अण्णांचं अर्धं लक्ष आभाळाकडे. त्यांना विचारलं, जाहीर करू का?

"बनीम लागली म्हणून कुणी पोती मोजत नसतेत," अण्णा म्हणाले. "मळणी होऊ दे, मोंढ्यात जाऊ दे, काट्यावर चढू दे. विक्रीची पट्टी हातात आली की बोल."

मला पटलं. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत येतो. माझ्याही ऑफर लेटरात बारीक अक्षरात तेच होतं: कागदपत्रांची पडताळणी होईपर्यंत हे सगळं सशर्त. ठरवलं, एप्रिलमध्ये रुजू झाल्यावर प्रोफाइलवर एक ओळ घालायची आणि सगळ्यांना कळवण्याचं बटण बंद ठेवायचं.

हे मी आईला सांगितलं. आईने फक्त मामांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स. 'मुंबई येथील बँकेत अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' माझा फोटो दहावीतला, त्यावर स्टुडिओवाल्याने चढवलेला कोट. माझ्यापेक्षा मोठे फोटो वरच्या रांगेतल्या नेत्यांचे.

"मामा, अधिकारी कुठं? दोन महिन्यांचा इंटर्न आहे मी."

"ते फ्लेक्सवर बसत नव्हतं," मामा म्हणाले. "आन् तुझ्या त्या लिंक्डइनपुढून एसटी जाती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर माणसं. एकाचं एटीएम कार्ड मशीनने गिळलेलं. एक तात्या सातबारा, आठ-अ घेऊनच आलेले. "पीककर्जाचं बघा की साहेब, सिबिल खराब दाखवायलंय." मी त्यांना समजावलं की आमचा विभाग कंपन्यांच्या विलीनीकरणाचं बघतो आणि त्यात इंटर्नने एक्सेलमधले आकडे एका रेषेत आणायचे असतात. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. तेवढं झालं की माझं घ्या."

ऑफर लेटर बरोबर वाचलं फक्त आत्याने. "दोनच महिने? आन् मग काढून टाकणार? काय केलं रे यानं असं?"

एक मात्र कबूल करायला हवं. दुपारी शेजारच्या वाडीचा बीकॉमचा पोरगा आला. फ्लेक्स वाचून सायकल वळवली होती त्याने. त्याला स्पर्धा परीक्षा आणि सीए एवढेच दोन रस्ते माहीत. "दादा, बीकॉमवाल्याला जमतंय का हे?" आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. एमबीएच्या प्रवेशाची कॅट परीक्षा काय असते, सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, 2023 पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली, मुंबईत राहायला किती लागतं, इंटरव्ह्यूत इंग्रजी अडलं तर काय करायचं. तो लिंक्डइनवर नव्हता. माझ्या वर्गातल्या सगळ्या पोस्टी मिळून त्याच्यापर्यंत पोचल्या नसत्या.

रात्री रूममेटचा तोच प्रश्न आला. उत्तरादाखल मी फ्लेक्सचा फोटो पाठवला. त्याने तो लिंक्डइनवर टाकला, खाली मामांकडून शिकलेले ब्रँडिंगचे पाच धडे लिहून. आम्हा दोघांच्या ओळखीत कुणाला मिळाले नव्हते एवढे लाईक पडले. त्यात एक लाईक बँकेच्या एचआर मॅडमचा.

सकाळी त्यांचा मेल: पडताळणी सुरू झाली आहे, पदाचा योग्य उल्लेख करावा आणि पत्त्याचा पुरावा पाठवावा.

मी आधार कार्ड शोधायला लागलो. मामा म्हणाले, "फ्लेक्सचाच फोटू पाठव की. खाली गावाचं नाव हाय, तालुकाबी टाकलाय."