सॅक मोजून डिफेन्सिव्ह लाइन कळत नाही

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, मोसम सुरू झाला की एक विधान दरवर्षी नव्याने फिरतं. रविवारी रात्र जागवून सामने बघणारी आपली मंडळीही ते बिनदिक्कत पुढे पाठवतात: "डिफेन्सिव्ह लाइनचं काम सॅक काढणं. सॅक नाहीत तर लाइन फुकट. नुसत्या चार जणांनी दबाव येत नाही, ब्लिट्झ करावीच लागते. आणि मधले धिप्पाड गडी फक्त जागा अडवतात." डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे बचावाची सर्वांत पुढची, बहुधा चार जणांची फळी; ब्लिट्झ म्हणजे त्यांच्या जोडीला आणखी गडी क्वार्टरबॅकवर सोडणं. त्या विधानातला एकही मुद्दा मैदानावर टिकत नाही. अमेरिकन फुटबॉलमधलं सर्वांत कष्टाचं काम करणाऱ्यांवर त्यात सरळ अन्याय होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, पाडणं. फेब्रुवारी 2022चा सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) आठवा. रॅम्स 23-20 असे पुढे होते, शेवटचं मिनिट चालू होतं आणि चेंडू आपल्याकडे राखायला बेंगल्सना फक्त एक यार्ड हवा होता. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) रॅम्सच्या आरन डोनाल्डने चेंडू घेऊन धावणाऱ्या समाजे पेराइनला जागीच रोखलं. चौथ्या डाउनला त्याच डोनाल्डने गार्डला (मधल्या बाजूच्या ब्लॉकरला) मागे टाकून बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरोला धरून गरकन फिरवलं; बरोने कसाबसा भिरकावलेला चेंडू जमिनीवर पडला आणि सामना तिथेच संपला. त्या दिवशी रॅम्सनी 7 सॅक काढले, त्यांतले 2 डोनाल्डचे. पण ज्या दोन खेळींवर विजेतेपद ठरलं, त्यांतली एकही सॅकच्या रकान्यात नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 2021च्या सुपर बोलमध्ये, टॅम्पा बेने चीफ्सना 31-9 हरवलं. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सवर 29 वेळा दबाव आला, सॅक झाले फक्त 3. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (कडेचे ब्लॉकर) जखमी होते, हे मान्यच. पण तीन सॅकवरून त्या रात्रीचा अंदाज कुणाला तरी येईल का? माहोम्स सतत मागे, बाजूला पळत होता, तोल गेलेला असताना फेकत होता, आणि त्याच्या संघाला एकही टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण) करता आलं नाही.

सॅक होणं हे क्वार्टरबॅकवरही अवलंबून असतं. त्याने दोन सेकंदांत चेंडू सोडला तर जगातला उत्तम पास रशरही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो घाईने सोडायला लागला, याचं श्रेय मात्र लाइनचंच. क्रिकेटमध्ये एका टोकाने निर्धाव षटकं पडतात आणि विकेट दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळते, तसंच हे. शिवाय पोहोचता आलं नाही तर हात वर करून पास अडवता येतो. 2012मध्ये जे. जे. वॉटच्या नावावर 20.5 सॅक होते आणि अडवलेले पास होते 16. सॅक सगळ्यांना पाठ आहेत. लाइनमनने 16 पास अडवणं मला तरी जास्त थक्क करणारं वाटतं.

आता ब्लिट्झ. पाच किंवा जास्त जण क्वार्टरबॅकवर सोडले की मागे कव्हरेजला, म्हणजे पास पकडणाऱ्या रिसीव्हरना राखायला, सहा किंवा कमी उरतात, आणि कुणीतरी रिसीव्हर मोकळा सापडतो. चौघांनीच काम भागलं तर पास पकडू शकणाऱ्या पाच जणांवर सात जण ठेवता येतात. समोर पाच ब्लॉकर असताना चौघांचं काम भागतं कसं? एकाला आवरायला दोघे लागले की उरलेल्या तिघांच्या वाट्याला एकेकच ब्लॉकर येतो. त्यात स्टंट असतो: बचावाचा मधला गडी (यालाही टॅकलच म्हणतात) तिरका घुसून गार्डला अडकवतो आणि कडेचा एंड त्याच्या मागून वळसा घेत मधल्या फटीतून आत शिरतो. कुणी कुणाला धरायचं, हे ब्लॉकरना क्षणात ठरवावं लागतं, आणि तिथेच चूक होते.

फेब्रुवारी 2025च्या सुपर बोलमध्ये न्यू ऑर्लिन्सला प्रशिक्षक व्हिक फॅन्जिओच्या ईगल्स बचावाने चीफ्सविरुद्ध हेच केलं. पूर्ण सामन्यात एकही ब्लिट्झ नाही, तरी माहोम्स 6 वेळा सॅक झाला. मध्यंतराला गुणफलक 24-0 होता आणि पूर्वार्धात चीफ्सचे एकूण यार्ड होते 23. ईगल्सच्या कूपर डिजीनने पास पळवून थेट टचडाउन केलं, ते सलग दोन सॅकनंतर लगेच. जॉश स्वेटने अडीच सॅक काढले, मिल्टन विल्यम्सने दोन. ज्याच्याकडे चीफ्सच्या ब्लॉकरचं सर्वाधिक लक्ष होतं, त्या जेलन कार्टरचे सॅक शून्य. विधान खरं मानलं तर त्या रात्री कार्टर फुकट गेला!

फेब्रुवारी 2008च्या सुपर बोलमधली जायंट्सची कथाही अशीच. मोसमात 589 गुण करणारे, 18-0 असे आलेले पेट्रियट्स 14 गुणांवर थांबले आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी 5 वेळा पडला. एंड असलेल्या जस्टिन टकला आत टॅकलच्या जागी आणून वेगाने गार्डवर सोडणं, ही त्यातली मोठी चाल. तेव्हा जायंट्सचा बचाव आखणारे स्टीव्ह स्पॅग्नुओलो 2025च्या त्या सामन्यात हरणाऱ्या चीफ्सचे बचाव प्रशिक्षक होते.

मधल्या गड्यांबद्दल एवढंच: कडेचा रशर बाहेरून वळसा घेतो तेव्हा क्वार्टरबॅक पॉकेटमध्ये (ब्लॉकरनी त्याच्याभोवती राखलेल्या जागेत) दोन पावलं पुढे सरकतो, आणि रशर त्याच्या मागून निघून जातो. मधला गडी गार्डला मागे ढकलत आला, तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. धावेच्या खेळीत तर जॉर्डन डेव्हिससारखा दीडशे किलोंच्या आसपासचा माणूस दोन ब्लॉकर अंगावर घेतो. लाइनच्या मागे उभा लाइनबॅकर मोकळा धावत येऊन चेंडूवाल्याला पाडतो आणि आकडेवारीत नाव त्याचं लागतं. ईगल्सचा लाइनबॅकर झॅक बॉन 2024मध्ये ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला तो स्वतःच्या गुणांवर, पण त्याच्यापुढे ही भिंत होती.

ब्लिट्झ वाईट असं माझं म्हणणं नाही. अडखळणाऱ्या नवख्या क्वार्टरबॅकवर ती जरूर करावी. पण लमार जॅक्सनसारखा पळणारा क्वार्टरबॅक समोर असेल तर लाइनमनला अनेकदा मुद्दाम सावकाश, आपापल्या गल्लीतूनच पुढे सरकायला सांगितलेलं असतं. सॅकच्या मोहाने एकजण जरी आत झेपावला, तरी त्याने सोडलेल्या गल्लीतून जॅक्सन पंधरा-वीस यार्ड काढतो.