बीटच्या कारखान्यातून थेट इंग्लंडच्या संघात? मधली बारा वर्षं कुठे गेली?

फुटबॉलपटू रिकी लॅम्बर्टचा इंग्लंडच्या पांढऱ्या जर्सीतला फोटो आणि खाली चार ओळींचा मजकूर, हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. मजकूर साधारण असा असतो: लिव्हरपूल क्लबने काढून टाकलेला पोरगा कारखान्यात बीटच्या बरण्यांना झाकणं लावत होता, त्याची गुणवत्ता कुणालाच दिसली नाही, मग एक दिवस संधी मिळाली आणि इंग्लंडकडून पहिल्याच स्पर्शाला गोल. म्हणून स्वप्नं बघणं सोडू नका. त्याखाली कुणीतरी लिहितंच, की नशिबाचा खेळ होता, पुढे लिव्हरपूलला गेला आणि उघडा पडला.

मला या स्ट्रायकरचा, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचा, खेळ मनापासून आवडतो, म्हणूनच हा मजकूर फार खटकतो. त्याचं कौतुक करायच्या नादात त्याने आयुष्यभर जे काम केलं तेच यात पुसून टाकलंय.

कारखान्याची गोष्ट खोटी नाही. लिव्हरपूलच्या अकादमीने त्याला पंधराव्या वर्षी सोडलं, पुढे ब्लॅकपूलनेही सोडलं. मग मॅकल्सफिल्ड नावाच्या छोट्या क्लबसोबत पगाराविना सराव करताना चार पैसे सुटावेत म्हणून त्याने दिवसाला २० पौंडांवर झाकणं फिरवायचं काम धरलं. पण २००१ मध्ये मॅकल्सफिल्डने त्याला करारावर घेतलं आणि ते काम संपलं. इंग्लंडकडून पहिला सामना १४ ऑगस्ट २०१३ चा. म्हणजे ‘थेट’ या शब्दात १२ वर्षं आणि पाच क्लब गडप झालेत.

‘कुणालाच गुणवत्ता दिसली नाही’ हेही धड नाही. मॅकल्सफिल्डच्या पहिल्याच पूर्ण मोसमानंतर, २००२ मध्ये, स्टॉकपोर्टने त्याच्यासाठी ३ लाख पौंड मोजले. खालच्या फळीतल्या क्लबसाठी ही मोठी रक्कम होती. मग स्टॉकपोर्टमध्ये काय झालं? पहिल्या मोसमात लीगमध्ये फक्त २ गोल. सुरुवातीच्या काळात तो बराचसा मधल्या फळीत खेळलेला. गोलसमोरचा निवांतपणा अजून अंगात यायचा होता. २००५ मध्ये तो आणखी एक पायरी खाली, इंग्लिश लीगच्या चौथ्या स्तरावरच्या रॉचडेलला गेला. वय २३. हा काळ त्या मेसेजमध्ये कधीच नसतो, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. मोसमाला ४६ लीग सामने, शनिवारी एक आणि बऱ्याचदा मंगळवारी रात्री दुसरा, अंगाला घासून खेळणारे दांडगे बचावपटू. तिथे २००५-०६ मध्ये त्याने लीगमध्ये २२ गोल केले. पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू छातीवर थांबवायचा, मान वर करून धावणारा साथीदार बघायचा आणि अचूक पास द्यायचा, हे त्याचं पुढे सगळ्यांनी वाखाणलेलं कसब असल्याच सामन्यांत घडत गेलं.

रॉचडेलहून ब्रिस्टल रोव्हर्स. २००८ च्या एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्याच्या फ्री किकवर रोव्हर्सने साउथॅम्प्टनला १-० ने घरी पाठवलं. पुढच्या मोसमात लीगमध्ये २९ गोल. आणि २००९ मध्ये त्याच साउथॅम्प्टनने सुमारे १० लाख पौंड देऊन त्याला आणलं. प्रशिक्षक ॲलन पार्ड्यू यांनी आल्या आल्या तोंडावर सांगितलं की तुझं वजन जास्त आहे. स्वतः लॅम्बर्टनेच मुलाखतींतून सांगितलंय की त्या बोलण्याने त्याची कारकीर्द बदलली. तो सत्ताविशीत होता. म्हणजे दोष सगळा जगाचा नव्हता. काही काम त्याचं स्वतःचंही बाकी होतं आणि ते त्याने केलं. याने तो लहान होतो असं मला अजिबात वाटत नाही.

‘एक दिवस संधी मिळाली’ हे तर सगळ्यात चुकीचं. साउथॅम्प्टन तेव्हा दिवाळखोरीच्या कडेवरून परतलेला, १० गुणांच्या शिक्षेसह मोसम सुरू करणारा तिसऱ्या स्तरावरचा क्लब होता. लॅम्बर्टने त्या मोसमात लीगमध्ये ३० गोल केले, पुढच्या वर्षी २१ गोल आणि बढती, त्याच्या पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, २७ गोल आणि पुन्हा बढती. सगळ्यात वरच्या, प्रीमियर लीगमधल्या कुणी बड्या क्लबने त्याला हात देऊन वर ओढलं नाही. तो आपला क्लब खांद्यावर घेऊन वर आला.

आता तो पहिला स्पर्श. लंडनचं वेम्बली मैदान, समोर स्कॉटलंड, २-२ बरोबरी. ६७व्या मिनिटाला वेन रूनीच्या जागी लॅम्बर्ट आत. तीन मिनिटांनी लेटन बेन्सचा कॉर्नर आला, लॅम्बर्टने उडी मारून कपाळाने चेंडू जाळ्यात ठोकला, ३-२. वय ३१. चेंडू नेमका त्याच्याकडे आला, एवढं नशीब मी मान्य करतो. पण त्या रात्रीआधी या माणसाच्या नावावर क्लब फुटबॉलमध्ये दोनशेहून जास्त गोल होते. आणि वर्षभरापूर्वी, १९ ऑगस्ट २०१२ ला, प्रीमियर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात गतविजेत्या मँचेस्टर सिटीविरुद्ध बदली म्हणून उतरून काही मिनिटांत त्याने असाच गोल केला होता. साउथॅम्प्टनकडून त्याने ३४ पेनल्टी मारल्या. चौतीसच्या चौतीस गोल. याला नशीब म्हणायचं असेल तर सराव कशाला म्हणायचं?

राहिलं लिव्हरपूल. २०१४ मध्ये, बत्तिशीत, तो आपल्या लाडक्या क्लबात परतला. मोसमात सगळे मिळून ३ गोल केले आणि वर्षभरात बाहेर पडला. हे खरंय, आणि वाचताना अजून वाईट वाटतं. तो बहुतेक सामन्यांत शेवटची काही मिनिटं उतरायचा, आणि त्याच्यासारख्या अंगाने भारी स्ट्रायकरला लय पकडायला सलग सामने लागतात. पण ‘उघडा पडला’ म्हणणाऱ्यांनी त्याआधीची दोन वर्षं बघावीत. त्याच प्रीमियर लीगमध्ये, तिशी ओलांडल्यावर, साउथॅम्प्टनकडून लीगमध्ये आधी १५ आणि मग १३ गोल. इंग्लंडकडून ११ सामन्यांत ३ गोल, आणि त्यातल्या बऱ्याच सामन्यांत तोही बदली म्हणूनच उतरला होता.